बेंजोच्या घरातली गिटार

मी घर सोडलं ते बेंजो पार्टीच्या टेम्पोतून. आमच्या गावाहून खडवली स्टेशनला जायला त्या दुपारी दुसरं काही मिळेना, आणि दादांच्या पार्टीला पलीकडच्या गावात हळद वाजवायला जायचंच होतं. तेव्हा वाटेत हिला सोडू, असं ठरलं. मागे दोन मोठे स्पीकर, त्यांच्या मधल्या फटीत ढोलक्या आणि स्पीकरवर माझी बॅग. पुढे ड्रायव्हरशेजारी दादा, म्हणजे माझे वडील, मांडीवर चादरीत गुंडाळलेला बेंजो घेऊन, आणि दाराशी मी. पार्टीतल्या सगळ्यांनी गुलाबी चमकीचे शर्ट घातले होते. आई अंगणात पदर डोळ्यांना लावून उभी होती, पण तो सगळा थाट बघून तिला नीट रडताही येईना. मध्येच हसू फुटलं तिला.

स्टेशनच्या रस्त्यावर दादांनी मला खाली उतरवलं आणि म्हणाले, "जप. आनि जेवत जा." बस, एवढंच. मागून ढोलकीवाल्या किसनकाकांनी दोन थापा मारल्या आणि टेम्पो धुरळा उडवत हळदीला निघून गेला. मी डोंबिवलीला निघाले, लॅबमधल्या नोकरीवर.

आता आपल्या ग्रुपवर तुमच्यातले जे दुबईला आणि कॅनडाला गेलेत ते म्हणणार, खडवली ते डोंबिवली हे काय स्थलांतर झालं? तासाभराचा तर रस्ता! आणि जे गावातच राहिलेत ते म्हणणार, ही आता शहरवाली झाली, हिला काय कळतंय. दोघांनाही माझं एकच सांगणं आहे. सामान उचलून दाराबाहेर पडताना पोटात जो खड्डा पडतो, तो किलोमीटर मोजून पडत नाही. तासाभरावर असलं तरी घर सुटायचं ते सुटतंच. उलट आम्हा जवळच्यांना कुणी विमानतळावर हारही घालत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडचा बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी, वर तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या तुकड्याने तारा छेडायच्या. कल्याण-ठाण्याच्या बाजूला बेंजोशिवाय हळद लागत नाही. निदान तेव्हा लागत नव्हती, आता डीजेवाले बरेच झालेत. दादा दिवसा ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचे आणि लग्नसराईत बेंजो वाजवायचे. पाणी सोडणारा म्हणून त्यांना लोक शिव्या द्यायचे आणि बेंजोवाला म्हणून डोक्यावर घ्यायचे. एकाच गावात, एकाच आठवड्यात.

मला लहानपणापासून एकच हवं होतं. त्या पार्टीत दादांच्या शेजारी बसून वाजवायचं. आई भाकऱ्या करायची तेव्हा मी सूप मांडीवर घेऊन त्यावर फणी फिरवत बसायचे, दादांचा उजवा हात जसा फिरतो तसा. दादांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "पोरींनी नाचाचं बाय, वाजवाचं नाय." रागाने नाही म्हणाले. उद्या पाणी सहाला येणार आहे, हे ज्या आवाजात सांगतात त्याच आवाजात म्हणाले. मग माझ्या धाकट्या भावाला, नितेशला, धरून बसवायचे शिकवायला, आणि तो गाढव लघवीला जातो म्हणून जायचा तो क्रिकेट संपल्यावर यायचा. मी दाराआडून सगळं बघून घ्यायचे. राग यायचा मला. खूप यायचा.

डोंबिवलीत पहिली काही वर्षं चार मुलींच्या खोलीत काढली. मग महेशशी लग्न झालं आणि कळव्याला वन बीएचके घेतला. सगळं व्यवस्थित झालं, तक्रारीला जागा नाही. पण घर सोडलेल्या माणसाला एक गोष्ट उशिरा कळते, ती मला कळायला लागली होती. आपल्यावाचून घराचं काही अडत नाही. माझ्या कोपऱ्यात तांदळाच्या गोणी आल्या. मी आणायचे ते पाणी नळाने यायला लागलं. गेले की आई म्हणायची, तू बस गं, दमून आलीस. भांडी घासायला उठले तर हातातून काढून घ्यायची. तुम्ही सगळे म्हणाल, नशीबवान आहेस. असेन. पण ते "तू बस" ऐकलं की मला आपण पाहुणे झाल्याचं पक्कं कळायचं.

गिटार माझ्याकडे आली ती अशाच एका निघालेल्या बाईकडून. लॅबमधली श्रुती नवऱ्याबरोबर कॅनडाला चालली होती. तिने ती कधी धड वाजवली नव्हती. म्हणाली, "अगं ठेव ना तुझ्याकडे, मी काय स्वेटर सोडून ही नेणार का?" मी ती काळी पिशवी पाठीला लावून घरी आणली. महेशने दार उघडलं, आधी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे सोफ्यावरची उशी सरकवून तिला जागा करून दिली. बरा आहे माझा नवरा.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट ऐका. मला वाटलं, मी बेंजोवाल्याची मुलगी, मला तारा लावायला कोण शिकवणार? दादा वाजवायच्या सगळ्या तारा एका सुरात लावतात, ते मी शंभर वेळा बघितलेलं. मी गिटारची सगळ्यात बारीक तार धरली आणि बाकीच्या पाचही तिच्या सुराला आणायला बसले. दुसरी आली. तिसरी पिळता पिळता फाटकन तुटली आणि गालावर असा फटका बसला की महेश स्वयंपाकघरातून धावत आला. मग मोबाईलवर शिकवणारं एक फुकटातलं ॲप उतरवलं, तर ते सहा तारांना सहा वेगळे सूर सांगायला लागलं. मला वाटलं, ॲपच बिघडलंय.

दुसऱ्या दिवशी दादांना फोनवर हे सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. आमच्या फोनवर एरवी काय असायचं? पाऊस आहे का, जेवलीस का, महेशराव बरे आहेत का, घे आईशी बोल. त्या दिवशी मात्र हसून झाल्यावर दादांनी स्वतःहून विचारलं, मग त्या गिटारीच्या तारा लावतात तरी कशा? मी ॲपमध्ये बघून सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं. फोन आईकडे गेलाच नाही.

ॲपवर शिकणं म्हणजे काय ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. पडद्यावर रंगीत ठिपके सरकत येतात, ठिपका रेषेवर आला की तार छेडायची. मोबाईल कान देऊन ऐकतो आणि बरोबर की चूक सांगतो. शिकवणारा मास्तर गोरापान, सदा हसरा, कशालाही वा वा करणारा. आमच्या घरात कौतुकाची सगळ्यात वरची पायरी म्हणजे "बरंय", त्यामुळे मला आधी संशयच आला. आणि संशय खरा ठरला. एकदा मी तारांना हातही लावला नव्हता आणि कुकरची शिट्टी झाली. ॲपने हिरवा दिवा लावून "परफेक्ट" म्हटलं. महेश म्हणाला, आता वरणभातालाही सर्टिफिकेट मिळेल. त्यानंतर मी कुकर उतरवूनच सरावाला बसायला लागले.

उजव्या हाताला मला काही शिकावंच लागलं नाही. सूप आणि फणी वाया गेली नव्हती. ॲप सांगायचं, हात वर-खाली असा फिरवा, आणि माझा हात आधीच फिरत असायचा. डावा हात मात्र शुद्ध अडाणी. बेंजोवर नुसतं बटण दाबायचं असतं, इथे उघडी तार बोटाच्या टोकाने दाबायची, तीही तीन-तीन बोटांनी एकदम. बोटं सोलवटली, मग टोकांना घट्टे पडले. त्याची एक गंमत झाली. मी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. शीर कुठे आहे ते आम्ही सुई घालण्याआधी बोटाने चाचपून बघतो, आणि मी ते डाव्या बोटाने करायचे. घट्टे पडल्यावर त्या बोटाला शीर लागेचना. एका आजोबांचा हात मी इतका वेळ चाचपला की त्यांनी विचारलं, "अहो ताई, रक्त आहे ना माझ्यात?" तेव्हापासून उजव्या बोटाने चाचपायची सवय लावून घेतली. गिटार काही सोडली नाही.

रविवारचा फोन हळूहळू बदलला. दादा विचारायचे, त्या मोबाईलने आज काय शिकवलं? मी व्हिडिओ कॉलवर वाजवून दाखवायचे. मग तेही बेंजो काढून बसायला लागले. दोघांनी एकदम वाजवायचा प्रयत्न केला तर पार चुथडा व्हायचा, कारण इथला सूर तिकडे पोचायला वेळ लागतो. तिकडे दादा पुढे गेलेले, इथे मी मागे राहिलेली. म्हणून आळीपाळीने वाजवायचं ठरलं. दादा एक ओळ वाजवायचे, मी ती गिटारवर शोधायचे, आणि ते म्हणायचे, "नाय नाय, परत." परत वाजवलं की, "नाय, शेवटाला दम खा." पुढच्या रविवारी पुढची ओळ. ते मला शिकवत होते. पोरींनी वाजवायचं नाही म्हणणारे माझे वडील गावच्या घरात मोबाईल तांब्याला टेकवून मला शिकवत होते, आणि त्यांच्या ते लक्षातच आलेलं नव्हतं. माझ्या आलं होतं, पण मी गप्प बसले. बोलले असते तर त्यांनी तिथल्या तिथे बेंजो गुंडाळून ठेवला असता.

ॲपमध्ये हळदीची एकही चाल नव्हती, असणारही नव्हती. म्हणून मी एक उद्योग केला. दादांनी पाठवलेली चाल महेशच्या मोबाईलवर मोठ्याने लावली, तिच्याबरोबर गिटार वाजवली आणि दोन्ही मिळून माझ्या मोबाईलवर रेकॉर्ड केलं. मी चाल नाही वाजवली, चालीखाली बसतील असे तीन कॉर्ड शोधले. कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम वाजवायचे, चालीला आधार म्हणून. शोधायला आठवडा गेला. ते दादांना पाठवलं. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून फोन.

"हे माझ्या खाली काय वाजतंय?"

मी सांगितलं, ती मी आहे. ते म्हणाले, "इतकी वर्षं माझी चाल उभीच होती बाय. तू तिला बसाला पाट दिलास."

ॲपचा मास्तर मला रोज वा वा करत होता, त्याने मला कधी रडू आलं नाही. ह्या एका वाक्याने आलं, आणि चांगलं मोठ्याने आलं. त्यानंतर आमच्यात कॉर्डला पाट हाच शब्द रूढ झाला. दादा नव्या चाली पाठवायचे आणि खाली लिहायचे, याला पाट लाव.

मग नितेशचं लग्न ठरलं. हळदीला दादांचीच पार्टी वाजवणार हे उघडच होतं. मी फोनवर सरळ विचारलं, हळदीला मी तुमच्याबरोबर वाजवायला बसू का? आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. लहानपणी तर विचारायच्या आधीच उत्तर मिळालं होतं. दादा म्हणाले, बघू. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही. मग किसनकाकांनी माझ्या कानावर येईल अशा बेताने सांगितलं की हळदीला गिटार म्हणजे काय कॉलेजचं गॅदरिंग आहे का, आणि बाईमाणूस पार्टीत बसलेलं आजवर कुणी बघितलंय का. आईचं म्हणणं वेगळंच. ती म्हणाली, तू करवली आहेस. नवऱ्या मुलाची सख्खी बहीण. तू तिथे जाऊन बसलीस तर त्याला हळद कोण लावणार, कलश कोण धरणार? आणि ते खरंच होतं.

तरी मी गिटार नेली. आतल्या खोलीत तांदळाच्या गोणींना टेकवून ठेवली आणि करवलीच्या कामाला लागले. संध्याकाळी मांडवात नितेशला बसवलं, बायकांनी गाणी म्हटली, मी दोन्ही हातांनी त्याच्या तोंडाला, दंडाला हळद फासली, त्याने माझ्या गालांना फासली. मग पार्टी सुरू झाली. आमच्याकडे बेंजो पुढे, बाकी सगळे मागे. दादांनी चाल धरली आणि मांडवात जी नाचायला उठली ती आजीबाईंपासून सगळी. मीही नाचले. चांगली नाचते मी, उगाच का खोटं बोलू? पण नाचताना माझं लक्ष दादांच्या हातांकडे होतं. मनात म्हटलं, ठीक आहे, रविवारचा फोन तरी आपला आहे, तेवढ्यावर भागवायचं.

दुसरी चाल अर्ध्यावर आली आणि दादा थांबले. एकदम. ढोलकी दोन-चार थापा पुढे गेली आणि ती पण थांबली. सगळ्यांना वाटलं तार तुटली. किसनकाका वाकून बघायला लागले. दादांनी बेंजोवरून मान वर केली. गर्दीत ते कुणाला तरी शोधत होते. समोरचा माइक चालू होता, हे त्यांच्या ध्यानात नसावं, कारण मग जे ते बोलले ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"बाय, तुझी गिटार घेऊन इकरं ये. खाली मोकलं लागतंय."

किसनकाका त्यांच्याकडे बघत राहिले, मग कसं कोण जाणे, स्वतःच ढोलकी घेऊन थोडे बाजूला सरकले. मी आत गेले. हात धुवायचं सुचलंच नाही. गिटार बाहेर आणली, दादांच्या शेजारी मांडी घालून बसले, बेंजोच्या सुराला तारा जुळवल्या. ॲप लागलं नाही. दादांनी तीच चाल पहिल्यापासून धरली आणि मी पाट लावला. हळदीने बोटं घसरत होती. एका जागी कॉर्ड चुकला. नाचणाऱ्या एकाही माणसाला कळलं नाही, दादांनी मात्र मान किंचित वळवून माझ्याकडे बघितलं, "नाय नाय, परत" म्हणतात तसंच. पुढच्या वेळी मी तो बरोबर घेतला. कोपऱ्यात आई कलश घेऊन उभी होती. करवलीचं काम तीच करून टाकत होती.

इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता, कळव्याच्या घराची किल्ली हातात आली तेव्हाही झाला नव्हता. हे लिहायला मला कसलीही लाज वाटत नाही.

त्याला आता दोन लग्नसराया झाल्या. मी अजून कळव्यालाच राहते, लॅबमध्येच जाते, ॲपवर शिकते ते वेगळंच. आता पैसे भरून शिकते, कारण अवघड कॉर्ड फुकटात सांगत नाहीत. तुमच्यापैकी कुणीतरी आपल्या ग्रुपवर विचारलं होतं की इतकी वर्षं बाहेर राहिल्यावर तुम्ही घर कशाला म्हणता. लोकांनी आईच्या हातची भाकरी लिहिली, अंगण लिहिलं, नदीचे फोटो टाकले. मी तेव्हा काही लिहिलं नाही, कारण भाकरी मला कळव्यातही जमते आणि नदी काय, जाऊन बघता येते. मला जे हवं होतं ते ह्यातलं काहीच नव्हतं. आम्ही निघून गेलो की घर आमच्याशिवाय चालायला शिकतं, शिकायलाच हवं, त्यात त्याची चूक नाही. पण मग आम्ही परत येतो ते आल्यागेल्यासारखे. चहा मिळतो, पाट-पाणी मिळतं, काम मिळत नाही.

परवा दादांचा फोन आला. पूर्वी ते विचारायचे, कधी येतेस? आता विचारतात, तारखा कुठल्या मोकळ्या आहेत? येत्या शनिवारी बापगावच्या बाजूला एक हळद आहे. मी म्हटलं, दादा, शनिवारी माझी लॅबमध्ये ड्युटी आहे, ह्या वेळी जमेलसं दिसत नाही. तुम्ही घ्या की वाजवून, इतकी वर्षं वाजवलंत माझ्याशिवाय.

ते म्हणाले, "वाजवू गं. वाजवाला काय झालं? पन आता तू नसलीस का अडतं."

मी ड्युटी बदलून घेतली.